सादळलेले दाणे

सापळेवाला पहाटे कुंपणातून परत आला की त्याच्या येण्यावरूनच ताईला निकाल कळायचा. सापळ्यांत काही सापडलेलं असलं, की तो लगबगीने यायचा आणि दार लोटून घ्यायचं हमखास विसरायचा. काही नसलं, की उंबऱ्यावर उभा राहून चपलांमधली वाळू झाडत राहायचा. त्या दिवशी त्याने एकेक चप्पल तीनतीनदा झाडली.

"किती?" ताईने शेगडीवरची नजर न काढता विचारलं.

"एक."

"चाळीस सापळे आणि एक?"

"एक म्हणजे एक. तोही म्हातारा, एक कान फाटलेला. बहुतेक चुकून आत शिरला असणार. मी या नोकरीत शिरलो तसा."

"तू शिरला नाहीस. तुला मी कानाला धरून आणलं," ताई म्हणाली आणि चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

हे खरंच होतं. ताई या केंद्रात स्वयंपाकाला आणि कोठी सांभाळायला आली त्याला बावीस वर्षं झाली होती. चार वर्षांनी तिने धाकट्या भावाला आणलं. त्याच्या हाताला कुठलंच काम टिकत नव्हतं, आणि इथे मात्र असं काम निघालं, की ते त्याच्याशिवाय दुसऱ्याला जमेना. उंदीर पकडायचा, पण त्याला इजा होऊ द्यायची नाही. वजन करायचं, कानाशी रंगाचा ठिपका लावायचा आणि जिथून धरला तिथेच नेऊन सोडायचा. त्याच्या ओंजळीत उंदीर असा काही निवांत बसायचा, की जणू आजोळी आलाय.

केंद्र म्हणजे काही मोठी वास्तू नव्हे. ओळीने तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून कोठी आणि वर सपाट गच्ची. पुढच्या खोलीत वजनकाटे, वह्या आणि बाटल्या. मधल्या खोलीत डॉक्टरीणबाई. शेवटची खोली बहीणभावाची, मध्ये पडदा टाकलेली. खोल्यांच्या पलीकडे तारेचं कुंपण, आणि आत वाळवंटाचा एक तुकडा, चालायला लागलं तर अर्ध्या तासात संपणारा. त्या तुकड्यात एक लहानसा उंदीर राहायचा. कागदोपत्री त्याला दोन शब्दांचं, जीभ अडखळेल असं नाव होतं. सापळेवाल्याने ते एकदा म्हणून पाहिलं आणि नाद सोडला. मागच्या लांब पायांवर टुणटुण उड्या मारतो म्हणून त्याने नाव ठेवलं टुणक्या. हळूहळू डॉक्टरीणबाईंच्याही तोंडी तेच बसलं. खरं नाव फक्त वहीत उरलं.

डॉक्टरीणबाईंची डॉक्टरकी उंदरांचीच होती. एकदा एका ट्रकवाल्याने बाहेरची पाटी वाचून पोट दुखतंय म्हणून दार ठोठावलं, तेव्हा बाई इतक्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, की शेवटी ताईनेच त्याला गरम पाणी पाजून वाटेला लावलं.

त्या आत आल्या आणि उभ्याउभ्याच पेला घेतला. "एक," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"अजून दोन रात्री आहेत," सापळेवाला म्हणाला.

"हो. आणि नऊ टुणके हवेत."

मुख्य कार्यालयाचं पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. तीन वर्षं टुणक्यांचा आकडा घसरत चालला होता. त्याआधी तीन रात्रींत सहज साठ सापडायचे. मग एकतीस झाले, मग अठरा, मग बारा. पत्रात लिहिलं होतं, की यंदाच्या मोजणीत निदान दहा जनावरं आढळली नाहीत, तर तिथे राखण्यासारखं काही उरलेलं नाही असं समजण्यात येईल. कुंपण काढून जमीन गोदामासाठी सपाट होईल आणि केंद्र बंद होईल. तिसऱ्या सकाळी एक साहेब जातीने येऊन आकडा पाहणार होते.

त्या लांबलचक पत्रातलं "बंद होईल" एवढंच ताईच्या डोक्यात राहिलं होतं. स्वतःचं तिला फारसं वाटत नव्हतं. शेगडी काय, कुठेही पेटते. पण साठीला आलेला भाऊ, ज्याला उंदीर न दुखावता धरण्याखेरीज दुसरी विद्या नाही, त्याला घेऊन ती कुणाच्या दारात उभी राहणार होती? आणि ही बाई, जी जेवताना पानात काय वाढलंय हेही पाहत नाही, तिचं कोण बघणार होतं?

"चौथं वर्ष पावसाविना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जनावरं तरी किती तग धरणार?"

"पण त्यांना पाणी लागतच नाही असं तुम्हीच म्हणता ना?"

"लागतं हो ताई. पीत नाहीत एवढंच." बाई स्टुलावर टेकल्या. टुणक्यांचा विषय निघाला, की त्यांचा संकोच पळायचा. "दाणा पचताना अंगातच थोडं पाणी तयार होतं. त्यावर भागवायचं. आणि मिळालेलं जाऊ द्यायचं नाही. लघवी थेंबभर, तीही पाकासारखी दाट. घाम नाही. नाक आतून इतकं गार, की बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ नाकातच निवते आणि तिथेच राहते."

"आमची आत्या अशीच होती," ताई म्हणाली. "तिच्या घरातून वाफसुद्धा बाहेर जायची नाही."

"आणि अंघोळ?" सापळेवाल्याने विचारलं, जरी त्याला ठाऊक होतं.

"वाळूत लोळतात."

"बघ ताई. आणि तू मला रोज बोलतेस."

बाई हसल्या. "एवढं करून जी थोडी वाफ निसटते, ती बिळात कोंडून राहते. मग बिळात साठवलेले दाणे ती ओढून घेतात. आणि हे पुन्हा तेच दाणे खातात. गेलेलं पाणी फिरून पोटात."

ताईचा हात थांबला. "म्हणजे दाणे सादळतात?"

"सादळतात."

"आणि तसले खातात?"

"आवडीने."

ताईने नाक मुरडलं. उंदीर झाला म्हणून काय झालं, कोठी ठेवायची काही रीत असते की नाही!

ताईच्या कोठीला मात्र कडक रीत होती. पूर्वी सापळ्यांत घालायचे दाणे एका गोणपाटाच्या पोत्यात, पाण्याच्या माठांशेजारी पडलेले असायचे. कधी त्यांत पोरकिडे व्हायचे, कधी बुरशी धरायची. तीन वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या एका कारकुनाने ते पोतं पायाने ढकलून "हे काय ठेवलंय?" असं विचारलं. ताईला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्याच महिन्यात तिने घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे मागवून घेतले. दाणे चार दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवायचे, मग कढईत नुसते गरम करायचे, आणि डब्यात भरताना तळाशी कळीच्या चुन्याचे खडे फडक्यात बांधून ठेवायचे. चुना उरलासुरला ओलावा ओढून घेतो. त्या दिवसापासून एक किडा नाही, की बुरशीचा ठिपका नाही. दाणा दाताखाली धरला, तर खड्यासारखा कडकन वाजायचा. हे सगळं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं कुणी विचारत नाही, आणि न विचारता सांगण्याची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या सकाळी सापळेवाला आला आणि चपला न झाडताच पायरीवर बसला. ताईने विचारलं नाही. चाळीसही सापळे रिकामे होते.

"डॉक्टरीणबाई?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"तिकडेच बसल्यात. कुंपणाच्या खांबाला टेकून. मी हाक मारली, तर म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे."

ताईने चहा झाकून ठेवला आणि काहीतरी हाताला काम हवं म्हणून माठांची जागा झाडायला मागच्या दाराशी गेली. तिथे तिवईवर दोन माठ होते. त्यातला एक झिरपायचा, आणि तिवईखालची वाळू कायम ओलसर असायची. त्या वाळूवर कापडाची एक पिशवी पडली होती. तिच्या भावाची. गेल्या आठवड्यात सापळे तपासताना त्याने थोडे दाणे नेले होते आणि उरलेले, नेहमीप्रमाणे, जिथे हात रिकामे झाले तिथे टाकून दिले होते. पिशवी भिजून काळवंडली होती, आणि तिच्या एका कोपऱ्याला भोक पडलं होतं. कुरतडलेलं.

"चोर!" ताई म्हणाली. तिच्या कोठीच्या दारात चोरी!

मग ती वाकली. ओल्या वाळूवर लांबट पावलांचे ठसे होते, दोन-दोनच्या जोडीने, दर दोन जोड्यांमध्ये वीतभर अंतर. मधून शेपटीच्या गोंड्याची पुसट रेघ. घरातला उंदीर असा चालत नाही. हे ठसे तिने भावाच्या पाठीमागून कितीतरी वेळा पाहिले होते. कुंपणाची तार कुठेतरी वर उचलली गेली असणार, आणि एक टुणक्या थेट तिच्या दारापर्यंत येऊन गेला होता.

ते तिने मान्य केलं असतं. पण दुसरी एक गोष्ट तिला दिसली, आणि तिच्या हातातला झाडू तसाच राहिला. आदल्या संध्याकाळी सापळ्यांसाठी डबा उघडताना तिच्या हातून मूठभर दाणे दारात सांडले होते. स्वच्छ, पांढरेशुभ्र, कोरडे ठणठणीत. अंधारात गोळा करता येईनात, म्हणून सकाळवर टाकले होते. ते तसेच पडले होते, एकही न हललेला. ठशांची रांग त्यांच्या मधून गेली होती. टुणक्याने तिचे उत्तम दाणे ओलांडले होते आणि पलीकडची ती घाण पिशवी फोडली होती.

ताई तिवईच्या कडेला बसली. तिने बोटांवर मोजलं. डबे कधी आले? तीन वर्षांपूर्वी. आकडा कधीपासून उतरला? तिने पुन्हा मोजलं, जसं काही या वेळी वेगळं उत्तर येणार होतं.

भाऊ चहाचा पेला घेऊन मागे आला, तेव्हा तिने त्याला सगळं दाखवलं. त्याने उकिडवं बसून ठसे पाहिले, पिशवी हुंगली, एक कोरडा दाणा उचलून चावला आणि तोंड वाकडं केलं. "अगं ताई, हे दाणे आहेत की छर्रे?"

"हसू नकोस. तुझ्या सापळ्यांवर तीन वर्षं मीच पाणी फिरवलं."

"पाणी फिरवलं असतंस, तर बरं झालं असतं," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून तिच्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "हे बघ, कुणाला बोलू नकोस. आज आपण सगळे दाणे ओल्या फडक्यात घालून ठेवू. संध्याकाळी मी चाळीसही सापळ्यांत तेच घालतो. उद्या आकडा येईल. साहेब बघतील, खूश होऊन जातील. बाईंना तरी कशाला कळायला हवं?"

ताईला ते पटलं. खोटं कशाला सांगा, तिला ते फार पटलं. तिने गोणपाट भिजवलं, पिळलं, आणि एका डब्यातले दाणे त्यावर पसरले. तिचे हात कुरकुरत होते. इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, तेच आता ती मुद्दाम करत होती. दुपारपर्यंत दाणे टचटचीत फुगले आणि त्यांना तो कोंदट वास आला.

दुपारी डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीत वहीपुढे बसल्या होत्या. ताई जेवणाचं विचारायला गेली. बाईंनी नवं पान काढून वर लिहिलं होतं, "घट होण्याची कारणे". खाली एक ओळ: "सलग चार वर्षांचा दुष्काळ". त्यापुढे काही नव्हतं.

"जेवायचं?"

"तीन वर्षं मी यांचं मरण लिहितेय ताई," बाई वहीकडे बघत म्हणाल्या. "दर वर्षी वाटतं, आपण काहीतरी करायला हवं होतं. काय, तेच कळत नाही."

ताई दारात उभी राहिली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. भाऊ म्हणाला होता, बाईंना कशाला कळायला हवं. पण उद्या आठ निघोत की अठ्ठावीस, ही पोरगी त्या एका ओळीखाली काय लिहिणार? तिला वाटणार, की मेलेले परत कसे आले. आणि पुढची सगळी वर्षं ती तेच शोधत बसणार, आणि कारण इथे कोठीत, डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेलं.

"बाई, ते मरत नाहीयेत," ताई म्हणाली. "म्हणजे मला काय कळतं म्हणा. पण ते माझे दाणे खात नाहीयेत."

आणि मग तिने सांगितलं. गच्ची, कढई, चुन्याचे खडे, पिशवी, ठसे, दारातले दाणे. गोणपाटावरचे फुगलेले दाणेही सांगितले आणि भावाची युक्तीही, फक्त ती आपलीच आहे असं सांगितलं.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या नाहीत, की ओरडल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "चुना?"

"कळीचा."

"किती खडे?"

"डब्याला सात-आठ. लिंबाएवढे."

बाईंनी पान उलटलं आणि लिहायला सुरुवात केली. किती दिवस ऊन, किती वेळ कढई, डबे कोणत्या महिन्यात आले. ताईला वाटलं, पोलिसांत जबानी देतोय. मग बाईंनी पेन ठेवलं, दोन्ही तळहातांनी डोळे दाबले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. ताई घाबरून पुढे झाली. बाई हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, त्यामुळे नक्की काय चाललंय ते सांगणं कठीण होतं.

"मी त्यांच्या कोठीवर वीस पानं लिहिली ताई," त्या म्हणाल्या. "आणि आपल्या कोठीत एकदा डोकावले नाही."

"तुमचा काय दोष? मीच अतिशहाणी."

"दुष्काळ खरा आहे. काही मेलेही असतील. पण किती, ते आता मला माहीत नाही." त्या "माहीत नाही" असं म्हणाल्या आणि ताईने त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग पाहिला.

संध्याकाळी सापळे घेऊन निघताना मात्र भांडण झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की वीस सापळ्यांत ओले दाणे घालायचे आणि विसांत कोरडे. एक सोडून एक.

"अर्धेच?" सापळेवाला उसळला. "बाई, नऊ हवेत आपल्याला! हाती एकच रात्र आहे, आणि तुम्ही अर्धे सापळे वाया घालवताय?"

"काका, सगळे ओले लावले, तर फक्त आकडा मिळेल. तो का वाढला, हे कोण मानेल? असे लावले, तर कारण हातात येईल."

"कारण घेऊन काय करायचंय? गोदामात ठेवायचंय?"

"तू लाव म्हणतात तसे," ताई म्हणाली.

"हे सगळं तुझ्यामुळे चाललंय, आणि वर तूच—"

"म्हणूनच सांगतेय. लाव."

तो पुटपुटत गेला. पण ताईने उंबऱ्यावरून पाहिलं, तो एकेका सापळ्याशी वाकत होता, झडप दोनदा वाजवून बघत होता आणि दाणे अगदी मोजून, मायेने ठेवत होता. ओले आणि कोरडेही.

तिसऱ्या पहाटे ताई शेगडी न पेटवताच दारात बसून राहिली. उजाडता उजाडता सापळेवाला दिसला. लगबगीने येत होता. जवळजवळ पळत.

"ओल्यांत आठ!" तो लांबूनच ओरडला. "ताई, आठ! त्यांतल्या दोघी पोटुश्या!"

"आणि कोरड्यांत?"

"एक. तोच म्हातारा, फाटक्या कानाचा. त्याला मेल्याला चवच राहिलेली नाही."

ताईने बोटांवर मोजलं. पहिल्या दिवशीचा एक आणि आजचे आठ. म्हातारा पुन्हा आलेला, तो मोजायचा नाही. नऊ.

भावाचाही हिशोब तोवर झाला होता. तो तिच्या शेजारी बसला. "एक कमी," तो म्हणाला. "चाळीसही ओले लावले असते तर..."

ताई उठली आणि शेगडी पेटवायला आत गेली.

साहेब आले ते रुमाल नाकाला लावून. बारीक चणीचे, सर्दीने बेजार झालेले, बगलेत फाइल. त्यांनी चहाला नको म्हटलं, मग हो म्हटलं, आणि पुढच्या खोलीत सापळ्यांची रांग पाहत उभे राहिले. प्रत्येक सापळ्यात काळे डोळे चमकत होते.

"एकूण?" त्यांनी विचारलं.

"नऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पत्रात दहा लिहिलंय."

"म्हातारा दोनदा आलाय साहेब," सापळेवाला मध्येच म्हणाला. "दोनदा मोजा की. चालत आलाय बिचारा."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते शिंकले. बाईंनी आदल्या दिवशीचं ते पान त्यांच्यापुढे ठेवलं; ओल्या-कोरड्यांचे आजचे आकडेही त्यावर होते. खाली ताईची सही होती, वेडीवाकडी, पण पूर्ण. साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"हे कुणी सांगितलं?"

"मी," ताई म्हणाली. "चूक माझी आहे. बाईंना काही माहीत नव्हतं."

"ते दाणे दाखवा."

ताईने दोन वाट्या आणल्या. साहेबांनी कोरडा दाणा उचलला आणि कुणी काही म्हणायच्या आत दाढेखाली धरला. कडकन आवाज झाला. त्यांनी गाल धरला.

"बाप रे," ते म्हणाले. मग ओल्या वाटीतला दाणा चावला, बराच वेळ चघळला, आणि सापळ्यांच्या रांगेकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्यांना उंदरांचं म्हणणं पटलेलं दिसत होतं.

"मॅडम," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "ही तीन वर्षं मोजणी कशाची झाली मग? उंदरांची तर झाली नाही. तुमच्या डब्यांची झाली."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच म्हणावं लागेल."

"डब्यांच्या मोजणीवरून मी कुंपण कसं काढू?" साहेबांनी नाक पुसलं आणि फाइल उघडली. "उद्या कुणी विचारलं, तर सही माझी आहे. ओल्यांत आठ आणि कोरड्यांत एक, हे कागदावर आहे. त्याच्या आधीचे आकडे धरता येत नाहीत. ते बाद. आणि ते बाद, तर त्यांच्यावरून काढलेलं पत्रही बाद." ते लिहू लागले. "वर्षभर, दर तीन महिन्यांनी मोजणी. नीट दाण्यांनी. मग बघू. तोवर सगळं आहे तसं."

"फक्त वर्ष?" सापळेवाला म्हणाला.

"अरे, वर्ष थोडं असतं का?" ताई म्हणाली. ती मिळेल त्या खोक्यावर बसली.

ऊन चढायच्या आत टुणके सोडायला हवे होते. सगळेच निघाले. सापळेवाला पुढे, दोन्ही हातांत सापळे. मागे बाई वही घेऊन. मग ताई, जी गेल्या कित्येक वर्षांत कुंपणाच्या आत आली नव्हती. आणि शेवटी साहेब, बुटांत वाळू जातेय म्हणून दर दहा पावलांवर थांबणारे. ज्याला जिथे धरला, तिथे त्याला सोडायचं. झडप उघडली, की टुणक्या क्षणभर थबकायचा आणि मग एक लांब उडी, शेपटीचा गोंडा हवेत, आणि दिसेनासा. म्हाताऱ्याला मात्र बाहेर काढायला सापळा उलटा करावा लागला.

शेवटी दोन पोटुश्यांतली एक राहिली. ती उडी मारून गेली नाही. जडपणाने, थांबत थांबत एका झुडपाच्या मुळाशी गेली आणि बिळात शिरली. मग आतून वाळू हलली. पुढच्या पायांनी ती वाळू लोटत होती, थोडी थोडी, आणि बघता बघता बिळाचं तोंड बुजत आलं.

"हे काय करतेय?" साहेबांनी विचारलं.

"दार लावून घेतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऊन आत जाऊ नये आणि आतली ओल बाहेर येऊ नये म्हणून. आता संध्याकाळपर्यंत उघडायची नाही."

शेवटची चिमूट वाळू आतून बसली. तिथे काही बीळ होतं, असं वरून कुणाला सांगूनही पटलं नसतं. साहेबांना शिंक येत होती. त्यांनी दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं.

"चला," ताई हलक्या आवाजात म्हणाली. "पाय न वाजवता चला. रात्रभर कोंडलेली होती बिचारी, झोपू दे तिला."

आणि चौघंही चवड्यांवर चालत निघाले.